पंप गेला म्हणण्याआधी

भाचेबुवा, साइटवरून फोन करशील तेव्हा "मामा, पंप गेला" हे वाक्य आधी उच्चारायचं नाही. पाणी येत नाही, असं सांग. येतंय पण धार बारीक आहे, असं सांग. कंट्रोलरवर अमुक अक्षरं दिसतायत, असं सांग. पंप गेला की नाही हे सगळ्यात शेवटी ठरतं, आणि बहुतेक वेळा तो ठणठणीत निघतो. या धंद्यात भंगारात पडलेले बरेच पंप मुळात चांगले असतात. गुन्हा बॅटरीचा, जोडाचा नाहीतर कचऱ्याचा असतो आणि फाशी पंपाला होते.

आता काचा धुण्याच्या कामाला तू छोटा हत्ती टेम्पो घेतलास. मागे पाचशे लिटरची टाकी, बारा व्होल्टचा डायाफ्राम पंप, कंट्रोलर, पाण्यातले क्षार काढणारी डीआयची बाटली, शंभर मीटर नळीचं रीळ आणि वर कार्बन फायबरचा पोल. पाण्याचा रस्ता तोंडपाठ कर: टाकी, गाळणी, पंप, डीआय, रीळ, पोलमधली बारीक नळी, ब्रश, जेट. बिघाड शोधायचा म्हणजे या रस्त्याच्या एका टोकाकडून एकेक वस्तू खोलत जायचं नाही. मधे उभं राहायचं आणि दुखणं मागे आहे की पुढे, एवढंच आधी विचारायचं.

मधे म्हणजे पंपाच्या डिलिव्हरीचा जोड. तिथली नळी काढ, पंपाचं पाणी सरळ बादलीत सोड आणि पूर्ण वेगात चालव. आपला पंप मिनिटाला पाच लिटरचा, म्हणजे दहा लिटरची बादली दोन मिनिटांच्या आसपास भरली पाहिजे. भरली, तर टाकी, गाळणी, पंप, बॅटरी, वायर या सगळ्यांना एकदम सोडून द्यायचं आणि पुढे रिळाकडे जायचं. नाही भरली, तर पोल खाली ठेव, ब्रशला हात लावू नकोस, दुखणं टेम्पोतच आहे. एवढं केलं की अर्धा दिवस वाचतो. माणसं नेमकी उलटी वागतात. जेटमध्ये टाचणी घालत बसतात आणि बॅटरी तिकडे मरून पडलेली असते.

बादली भरली नाही तर पुढचा सवाल एकच: दोष पंपाचा की त्याला वीज देणाऱ्याचा? त्यासाठी एक वायरची जोडी कायम टेम्पोत ठेव, बॅटरीच्या बाजूला दहा अँपिअरचा फ्यूज लावलेली. पंपाच्या तारा कंट्रोलरमधून काढायच्या आणि या जोडीने थेट बॅटरीला लावायच्या. पंप नीट पळाला, तर तो निर्दोष. कंट्रोलर, त्याची वायर, त्याचा फ्यूज यांच्याकडे बघ. थेट लावूनही रडत असेल तर पंप किंवा बॅटरी. फ्यूज नसलेली जोडी वापरलीस आणि दोन तारा एकमेकींना लागल्या तर बॅटरी क्षणात एवढा करंट सोडते की वायर लाल होते. तेवढं मात्र जप.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. पूर्ण चार्ज होऊन काही तास निवांत ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी मीटरवर १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी संपली. १२ च्या खाली तिच्याकडून काम करून घेतलंस तर तिचं आयुष्य कमी करतोयस. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलीस तर आकडा फुगलेला दिसतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. आणि हे सगळे आकडे आरामात असलेल्या बॅटरीचे. खरी परीक्षा पंप चालू असताना, आणि मीटरची टोकं बॅटरीवर नाही, पंपाच्या तारांवर लावून. बॅटरीवर १२.४ आणि पंपावर ११ दाखवत असेल तर मधले १.४ व्होल्ट गेले कुठे? वायरीत आणि जोडांत.

वायरीचा हिशोब सोपा आहे. पंप जोरात असताना आठेक अँपिअर ओढतो. बॅटरीपासून पंपापर्यंत तीन मीटर अंतर असेल तर जायला तीन आणि यायला तीन, सहा मीटर तांबं झालं. पाऊण स्क्वेअर मिलिमीटरची वायर असेल तर तिच्यात १.२ व्होल्टच्या आसपास खर्च होतो. अडीच स्क्वेअरची असेल तर साधारण ०.३५. घरातल्या ट्यूबलाइटला जी वायर चालते ती इथे चालत नाही, कारण घरात २३० व्होल्टमधला एक व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही. इथे बारातला एक जातो. इलेक्ट्रिशियनकडून फिटिंग करून घेतोस तेव्हा तो सवयीने बारीक वायर काढतो. त्याला आधीच सांगून ठेव, अडीचच्या खाली नको.

जोड तपासायला मीटरपेक्षा बोट बरं. पंप भार देऊन दहा मिनिटं चालव, मग बंद कर आणि लगेच एकेक जोडाला हात लावत जा: बॅटरीचे लग, फ्यूजची खाच, कंट्रोलरचे स्क्रू, क्रिम्प. जो गरम लागेल तो चोर. बहुतेक वेळा तो फ्यूज होल्डरच असतो. पाणी आणि वीज एकाच पत्र्यावर नांदतात, त्यामुळे तांब्यावर हिरवा गंज चढतोच. वरून वायर धडधाकट दिसते, पण इन्शुलेशन मागे सारलं की आत तार काळी पडलेली. अशी तार पुन्हा दाबून बसवायची नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापून टाकायची आणि नवा लग मारायचा.

आता कंट्रोलर. ज्याला हा कळला त्याला बाकी सगळं कळलं. एक लक्षात ठेव: कंट्रोलरला पाणी दिसत नाही. त्याला नळी, ब्रश, जेट यांची काही कल्पना नाही. त्याला फक्त पंप किती करंट ओढतोय एवढं कळतं. विहिरीतून पोहरा ओढणारा माणूस खाली न बघता हाताला लागणाऱ्या भारावरून ओळखतो ना, की पोहरा भरलाय की कपारीला अडकलाय, तसं. पाणी मोकळं वाहत असेल तर मोटर हलकी, करंट कमी. पुढे तोटी बंद झाली की दाब चढतो, मोटर जड होते, करंट वाढतो. ठरलेल्या आकड्याच्या, म्हणजे कॅलिब्रेशनच्या, वर गेला की कंट्रोलर म्हणतो पुढे रस्ता बंद आहे, आणि पंप थांबवतो. यालाच डेड एंड म्हणतात. मग काही क्षणांनी थोडा धक्का देऊन बघतो, रस्ता उघडला असेल तर पुन्हा सुरू.

एवढं डोक्यात बसलं की त्याच्या तऱ्हा समजायला लागतात. पाणी वाहतंय आणि तरी डेड एंड दाखवतोय, तर त्याला भार जास्त लागतोय. का? जेट तुंबलंय, कपलिंग अर्धवट बसलंय, नळी कुठेतरी चेपलीय. एका सोसायटीत आम्ही तासभर वायरी बघत बसलो होतो आणि वॉचमनच्या खुर्चीचा मागचा पाय नळीवर होता. वॉचमनसकट. त्यामुळे डेड एंड दिसला की मेन्यू उघडायच्या आधी नळीच्या बाजूने रिळापासून पोलपर्यंत एकदा चालत जा.

उलट तऱ्हा अशी: तोटी बंद केली तरी पंप घरघरतच राहतो, थांबत नाही. म्हणजे दाब चढायला हवा तेवढा चढत नाही. पंपाच्या पुढे कुठेतरी गळती आहे, नाहीतर आतल्या झडपा झिजल्यात आणि पाणी मागे सरकतंय. किंवा कॅलिब्रेशनचा आकडा इतका ढिला ठेवलाय की कंट्रोलर कितीही भार सोसायला तयार आहे. आपल्याकडच्या कंट्रोलरमध्ये हा आकडा वाढवला की त्याचा संयम वाढतो, कमी केला की तो चिडका होतो. तुझ्या पुस्तिकेत हे उलटं नाही ना, तेवढं बघून घे.

कॅलिब्रेशन करायची एक रीत आहे. बॅटरी भरलेली हवी. नेहमीची नळी पूर्ण जोडलेली, नेहमीचा पोल, नेहमीचा ब्रश. कामाला जो वेग ठेवतोस तोच वेग. पाणी हवेचे बुडबुडे संपेपर्यंत वाहू द्यायचं आणि मगच. दुपारी बॅटरी उतरलेली असताना कॅलिब्रेशन केलंस की दुसऱ्या दिवशी सकाळी, चार्ज झालेल्या बॅटरीवर, तोच कंट्रोलर उगाच डेड एंड दाखवणार. आणि ब्रश बदलला, जेट बदलले, नळी लांबवली की पुन्हा करायचं. झालं की तोटी बंद करून बघ. चार-पाच सेकंदांत थांबला पाहिजे.

अनेक पंपांच्या डोक्यावर स्वतःचा प्रेशर स्विच असतो. ठरावीक दाबाला, साधारण १०० पीएसआयच्या पंपात त्या आसपास, तो वीज तोडतो. कंट्रोलर आणि हा स्विच, दोघेही एकच काम करायला बसलेत, आणि दोन मालकांच्या घरात गड्याचे हाल होतात. स्विच कंट्रोलरच्या आधी तुटला तर कंट्रोलरला अचानक करंट शून्य दिसतो. दाब उतरला की स्विच पुन्हा जोडतो, आणि पंप टक्-टक्-टक् करत धक्के खातो. हा आवाज आला की समजून जा. स्विचवर ॲलन कीचा एक बारीक स्क्रू असतो. तो घड्याळाच्या दिशेने पाव फेरी फिरवायचा, बघायचं, लागला तर आणखी पाव. पूर्ण फेरीच्या पुढे जायचं नाही. काही जण स्विचच्या दोन तारा एकत्र पिळून तो बादच करतात. मला ते पटत नाही. कंट्रोलर कधी अडकला तर मागे थांबवणारा कुणी उरत नाही आणि नळी फुटते, ती बरोबर गिऱ्हाइकाच्या लॉबीसमोर.

पाणी कमी करायचं तर कंट्रोलरवर वेग कमी कर. पोलजवळची तोटी अर्धी पिळून कमी करू नकोस. अर्धी तोटी म्हणजे दाब वाढणार, करंट वाढणार, बॅटरी लवकर संपणार, आणि कंट्रोलरला वाटणार पुढे अडलंय. काचेला मिनिटाला दीड-दोन लिटर भरपूर झालं.

मीटरचा एक चकवा सांगून ठेवतो. कंट्रोलर पंपाला वीज सलग देत नाही, झटपट तुकड्या-तुकड्यांत देतो. अर्ध्या वेगावर असताना त्याच्या आउटपुटला मीटर लावलास तर सहाच्या आसपास काहीतरी दाखवेल, आणि तू म्हणशील व्होल्टेज पडलं. काही पडलेलं नसतं. तिथे मोजायचं तर पूर्ण वेगावर ठेवून मोज. आणि बॅटरी साधारण साडेदहा-अकरा व्होल्टपर्यंत उतरली की बरेचसे कंट्रोलर स्वतःहून बंद होतात. तो बिघाड नाही, बॅटरी वाचवायची ती सोय आहे. पण बॅटरी भरलेली असूनही तसं झालं, तर पुन्हा वर सांगितलेला गरम जोड शोध.

पंपाच्या मागची बाजू, म्हणजे सक्शन. इथली गंमत अशी की बिघाड असूनही थेंबभर पाणी गळत नाही. उलट हवा आत ओढली जाते. पंप हलका, कोरडा, खडखड आवाज करत जोरात पळतो आणि धार तुटक येते. म्हणून टाकी ते पंप एवढा तुकडा पारदर्शक ब्रेडेड नळीचा ठेव. बुडबुडे डोळ्यांना दिसतात. जोडावर साबणाचा फेस लाव. फेस आत खेचला गेला किंवा पंपाचा आवाज बदलला, तर भोक तिथेच. क्लिप घट्ट कर, पण आधी गाळणीच्या वाटीची ओ-रिंग बघ. ती चपटी झालेली असते किंवा कुणीतरी घाईत बसवताना मुडपलेली. आणि टाकीचं झाकण! हवाबंद पिळून लावलेलं झाकण असेल तर पाणी जातं तसं आत हवा यायला जागा राहत नाही. तासाभराने धार मंदावते, टाकीच्या बाजू आत खेचल्यासारख्या दिसतात. झाकण सैल केलं की फुस्स आवाज आणि धार परत. झाकणाला एक भोक पाडून वर जाळी लाव.

टाकीला नवं निपल बसवायला भोक पाडलंस की प्लॅस्टिकचा भुसा आत पडतो. तो सगळा काढ. काढला असं वाटलं तरी दोनदा पाणी भरून सांडून टाक. आणि आपल्या प्लंबर मंडळींचं टेफ्लॉन टेपवरचं प्रेम तर विचारू नकोस, आटे दिसेनासे होईपर्यंत गुंडाळतात. जास्तीची टेप आतल्या बाजूला लोंबते आणि एक दिवस तुटते. एकदा अशीच तक्रार होती, धार निम्मी झालीय. पंपाचं डोकं उघडलं. चार स्क्रू, वरचं झाकण, खाली रबरी झडपांची चकती. एका झडपेखाली केसाएवढा जाड, बोटभर लांब पांढरा दोरा अडकला होता, टेफ्लॉनचा. त्या दोऱ्यामुळे झडप पूर्ण मिटत नव्हती, प्रत्येक ठोक्याला पाणी अर्धं मागे. चिमट्याने ओढून काढला, चकती धुऊन बसवली, तोच पंप पुढे चालला. आट्याच्या टोकाचे पहिले दोन वेढे टेपशिवाय मोकळे ठेवायचे, ही साधी गोष्ट आहे.

पंपाच्या पुढची बाजू, बादली भरली तर बघायची. डीआयची बाटली, रीळ, पोल, ब्रश. एकेक जोड सुटा करून तिथे पाणी बघत जा. ज्या जोडापर्यंत धार चांगली आणि त्याच्या पुढे नाही, तिथेच अडलं. डीआयच्या बाटलीतली जाळी फाटली तर रेझिनचे मणी बाहेर पडतात. पिवळसर, मोहरीपेक्षाही बारीक. ते नळीतून प्रवास करत थेट जेटच्या दोन मिलिमीटरच्या भोकात जाऊन बसतात. तू टाचणीने काढतोस, दुसऱ्या दिवशी पुन्हा. जेटमध्ये असा मणी सापडला की जेट साफ करणं थांबव आणि बाटली उघड.

नळीच्या मापावरून भांडण लागतं, म्हणून सांगतो. सहा मिलिमीटरची नळी हलकी, ओढायला सोपी, पोरांना आवडते. पण तेवढंच पाणी न्यायला आठ मिलिमीटरच्या मानाने ती जवळजवळ चौपट दाब खाते. शंभर मीटरवर हे जाणवतं. शिवाय उंची आहेच. दर दहा मीटरला एक बार दाब नुसता वर चढण्यात जातो. चौथ्या-पाचव्या मजल्यावर पोल उभा केल्यावर धार बारीक झाली तर तो बिघाड नाही. जमिनीवर चांगली, वर बारीक, इतपत फरक राहणारच. जमिनीवरच बारीक असेल तर शोध.

या यंत्राच्या पुस्तिका बहुतेक ब्रिटनच्या धाटणीने लिहिलेल्या असतात. पोलने काचा धुण्याची ही पद्धत तिकडे आधी रुजली, २००५ साली तिथे उंचीवरच्या कामाचे नियम आल्यावर शिडीपेक्षा जमिनीवरून धुणं सगळ्यांनाच सोयीचं वाटायला लागलं. त्यामुळे पुस्तिकेत पानंच्या पानं थंडीवर: पंपात पाणी गोठेल, डोकं तडकेल. आपल्याला त्याची पर्वा नाही. आपलं दुखणं एप्रिल-मे. उन्हात पडलेली नळी मऊ होते, दाबाला फुगते आणि तोटी बंद केल्यावर डेड एंड यायला उशीर लागतो. बंद पेटीत ठेवलेला पंप तापतो. बऱ्याच पंपांत उष्णतेचं कटआउट असतं. दुपारी दीडला पंप अचानक गप, फ्यूज शाबूत, बॅटरी चांगली, आणि जेवण उरकून येईपर्यंत आपोआप सुरू. असं झालं तर पेटीला जाळी कर, पंपाभोवती वारा खेळू दे. डिसेंबरच्या पहाटे मात्र पुण्या-नाशकातही नळी ताठ होते आणि डेड एंड लवकर येतो. ऊन वर आलं की आपोआप ठीक होतं, त्याच्यासाठी कॅलिब्रेशन बदलत बसू नकोस.

पंप खरंच गेला हे कसं ओळखायचं? थेट बॅटरीला लावला, व्होल्ट बरोबर, आणि मोटर हालत नाही. मोटरच्या मागच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकी टपली मार. फिरायला लागली तर कार्बन झिजलेत. त्या दिवसाचं काम निघेल, पण संध्याकाळी कार्बन बदल, नाहीतर मोटर. मोटर फिरते पण डोक्यातून खरखर येते, तर आतलं बेअरिंग. डोकं आणि मोटर यांच्या सांध्यातून पाणी ठिबकतंय, तर डायाफ्राम फाटला. म्हणून पंप उभा बसवशील तर डोकं खाली आणि मोटर वर. गळती झालीच तर पाणी मोटरीत उतरत नाही. हे बसवतानाच करायचं असतं, नंतर कुणी करत नाही. खाली रबराचे पाय हवेत. पत्र्याला कडक आवळलेला पंप हादऱ्याने स्वतःचेच जोड सैल करतो.

टेम्पोच्या आतल्या पत्र्यावर मार्करने चार आकडे लिहून ठेव, सगळं नवंकोरं आणि नीट चालू असताना: पंपाजवळ बादली किती सेकंदांत, जमिनीवर ब्रशजवळ किती सेकंदांत, चालू असताना पंपावर किती व्होल्ट, आणि डीसी क्लॅम्प मीटरवर किती अँपिअर. क्लॅम्प मीटर घे, पैसे वसूल होतात. मोटर मंद आहे आणि करंटही कमी आहे, तर वीज पोचत नाही. मोटर मंद आहे आणि करंट जास्त आहे, तर पुढे अडलंय. पत्र्यावर मूळ आकडे नसतील तर जास्त की कमी हे ठरवणार कशावरून?

डब्यात ठेवायचं सामान: दहाचे फ्यूज, अडीचचे लग आणि क्रिम्पर, क्लिपा, ओ-रिंगा दोन मापांच्या, एक झडपांची चकती, एक डायाफ्राम, दोन कपलिंग, चिमटा, ॲलन कीचा संच. दुसरा पंप ठेवायचा असेल तर ठेव, पण त्याच्या कपलिंगचं माप आधी जुळवून ठेव. साइटवर माप जुळत नाही हे कळणं फार वाईट.

पावसाळ्यात काचांची कामं मंदावतात, गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहते. त्याआधी टाकीत डीआयचं स्वच्छ पाणी घेऊन पंप दोन मिनिटं चालव, मग सक्शन काढून काही सेकंद कोरडा फिरवून आतलं पाणी बाहेर काढ. बोअरचं पाणी आत तसंच राहिलं तर सुकताना क्षार झडपांवर बसतात आणि झडपा चिकटतात. बॅटरीची कंट्रोलरकडे जाणारी तार काढून ठेव, कारण बंद दिसणारा कंट्रोलरही थोडं-थोडं पीत राहतो, आणि मुक्काम लांबला तर महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरला लाव. परत सुरू करताना मोटर फिरते पण पाणी उचलत नाही असं झालं, तर डोक्यात कोमट पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटं मुरू दे आणि मग चालव. उकळतं ओतू नकोस, आतला डायाफ्राम रबराचा आहे.